नऊ महिन्यांचा रकाना

नमस्कार श्रोतेहो.

मार्च २०२२. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी कोर्बेवॅक्स ही कोरोनाची लस नुकतीच, १६ तारखेला, सुरू झाली होती. आमच्या आरोग्य केंद्रात एक बाई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. आठ दिवस त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. नवरा म्हणे, देऊन टाकू. सासूबाई म्हणत, थोडं थांबा, लस नवी आहे. मी त्यांना जवळ बसवून सांगितलं, की लस नवी असली तरी ती बनवायची रीत जुनी आहे, हिपॅटायटिस बीची जी लस आपण वर्षानुवर्षं बाळांना देतो, तिचीच. पोटच्या पोरासाठी आईने चार प्रश्न विचारले, याचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

मग माझं लक्ष त्यांच्या कडेवरच्या लेकीकडे गेलं. पावणेतीन वर्षांची असेल. तिचं लसीकरणाचं कार्ड मागितलं, तर गोवर-रुबेलाच्या लशीचा नऊ महिन्यांचा रकाना कोरा. सोळा महिन्यांचाही कोरा.

"तेव्हा लॉकडाऊन होता हो सिस्टर. मग राहूनच गेलं."

थोरल्याच्या लशीवर त्या घरात आठ दिवस खल झाला. धाकटीची लस पुढे ढकलली, तो निर्णय मात्र कुणी घेतला नाही, आपोआप झाला. दोष त्यांना कसा देऊ? २०२०च्या त्या आठवड्यांत आमचीच लसीकरणाची सत्रं बंद होती आणि आशाताई दारोदार ताप मोजत फिरत होत्या.

पण गोवर कुणासाठी थांबत नाही. २०२२ मध्येच दिवाळीच्या सुमारास मुंबईत गोवंडीला साथ उसळली, मालेगाव-भिवंडीतही पोरं आजारी पडली. लेकरं दगावली. लस चुकलेल्या मुलांना गोवराने बरोबर गाठलं. हा आजार इतका सांसर्गिक, की संरक्षण नसलेल्यांमध्ये एका मुलापासून बारा ते अठरा जणांना होऊ शकतो. आजारी मूल खोलीतून निघून गेलं तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. म्हणून शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात.

आपल्याकडे अजून "अंगावर निघालाय, आपोआप बरा होईल" म्हणून घरीच ठेवतात. उशाशी कडुनिंबाचा पाला जरूर ठेवा, पण मुलाला दवाखान्यात न्या. तिथे जीवनसत्त्व 'अ'चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात. डोळे वाचतात, जीवही वाचतो. गोवरानंतरचा न्यूमोनिया मी पाहिलाय. श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जातात, आणि आई नुसती बघत राहते.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर कार्ड काढून बघा. पाच वर्षांपर्यंत गोवर-रुबेलाची लस सरकारी केंद्रात मोफत मिळते. उशीर झाला म्हणून आम्ही रागावत नाही. लशीनंतर आठवड्या-दीड आठवड्याने थोडा ताप आला, चार पुरळ उठले, तर घाबरू नका. फक्त सत्राच्या दिवशी या. लशीची कुपी फोडली की ती चार तासांतच वापरावी लागते.

त्या दिवशी शेजारच्या खोलीत बाळांचं सत्र होतं. लेकीच्या उजव्या दंडावर टोचलं, तेव्हा दुसरा हात दादाने घट्ट धरला होता. दोघांचे पुढचे डोस अठ्ठावीस दिवसांनी. दोन्ही कार्डांवर मी एकच तारीख लिहिली.