डॉक्टर होऊ घातलेल्यांची तब्येत

नमस्कार श्रोतेहो.

डॉक्टर होताना जगभर जी शपथ घेतली जाते, तिचं आजचं रूप म्हणजे जागतिक वैद्यकीय संघटनेची जिनिव्हा घोषणा. ती तयार झाली १९४८ साली. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, काही डॉक्टरांनीच केलेले अत्याचार उघड झाले होते, त्यामुळे रुग्णाशी कसं वागायचं यावर तिचा सगळा भर होता. डॉक्टरच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. ते यायला २०१७ साल उजाडलं. उत्तम सेवा देता यावी म्हणून मी माझं आरोग्य, माझं स्वास्थ्य आणि माझ्या क्षमता जपेन, अशा अर्थाचं वाक्य त्या वर्षी शपथेत आलं. त्याच वेळी आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. गुरूंचा आदर आणि कृतज्ञता शपथेत पहिल्यापासून होती. आता विद्यार्थ्यांनाही तोच आदर द्यायचा, असं त्यात लिहिलं गेलं.

या वाटेवर असलेल्या मुलामुलींबद्दल आज बोलायचं आहे. डॉक्टर होणारी, दंतवैद्य होणारी, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी शिकणारी. त्यांच्यावर ताण असतो हे सांगायला माझी गरज नाही, ते घरोघरी माहीत आहे. कठीण शिक्षणात ताण असणारच. तो लपवायचा असतो, हे मात्र त्यांना शिकवलं जातं. कुठल्याही अभ्यासक्रमात हा धडा छापलेला नाही, पण वॉर्डात पाऊल टाकल्यापासून तो सुरू होतो. आणि माझ्या मते खरं नुकसान तिथेच होतं.

थोडे आकडे सांगतो. २०१६ साली एक मोठं संशोधन प्रसिद्ध झालं. ४३ देशांमधले जवळपास दोनशे अभ्यास एकत्र केले होते आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांची संख्या होती सव्वा लाखाच्या आसपास. त्यात २७.२ टक्के विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य किंवा नैराश्याची लक्षणं आढळली. ११.१ टक्के विद्यार्थ्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले होते. ही लक्षणं बहुतेक ठिकाणी प्रश्नावलीवरून मोजलेली आहेत, म्हणजे त्यातल्या प्रत्येकाला आजार आहे असं निदान झालेलं नाही, एवढं लक्षात ठेवायला हवं. पण मला अस्वस्थ करतो तो त्याच अभ्यासातला तिसरा आकडा. ज्यांच्यात नैराश्याची लक्षणं दिसली, त्यांच्यापैकी उपचारासाठी गेले फक्त १५.७ टक्के. ही मुलं राहतात कुठे, तर रुग्णालयाच्या आवारात. मानसोपचार विभाग दोन मजले वर असतो. तरी शंभरातली चौऱ्याऐंशी तिथपर्यंत पोचत नाहीत.

यावर एक उत्तर लगेच ऐकू येतं, की मुलंच हल्ली नाजूक झाली आहेत. हे उत्तर सोयीचं आहे, खरं नाही. अमेरिकेत इंटर्न डॉक्टरांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. इंटर्नशिप सुरू होण्याआधी त्यांच्यातल्या ३.९ टक्के जणांमध्ये नैराश्याची लक्षणं होती. वर्षभरात वेळोवेळी तपासत गेल्यावर ते प्रमाण सरासरी २५.७ टक्के निघालं. माणसं तीच होती. बदलला तो त्यांचा दिवस, आणि त्याहून जास्त त्यांची रात्र.

रात्रीबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण ताण म्हटलं की सगळे मनाकडे बघतात आणि झोप विसरतात. १९९७ साली ‘नेचर’मध्ये एक साधा प्रयोग छापून आला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं हाताचं आणि डोळ्याचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं ढासळतं. जागरण २४ तासांवर गेलं की ते ०.१० टक्क्यांच्या बरोबरीचं होतं. या पातळीला गाडी चालवणं बहुतेक देशांत गुन्हा आहे. सलाईन लावणं, औषधाचा डोस काढणं, पहाटे चारला नवा रुग्ण तपासणं मात्र चालतं. २००४ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अतिदक्षता विभागातल्या इंटर्नवर लक्ष ठेवलं, तेव्हा लहान ड्यूट्यांच्या नव्या वेळापत्रकापेक्षा, २४ तास किंवा त्याहून लांब ड्यूट्यांच्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या.

या प्रश्नाला वाचा फुटली ती १९८४ मध्ये न्यूयॉर्कला. लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत दगावली. तिच्यावर उपचार करणारे शिकाऊ डॉक्टर होते, त्यांच्यावर कामाचा डोंगर होता, वरिष्ठ जागेवर नव्हते. तिच्या वडिलांनी प्रकरण लावून धरलं. त्यातून १९८९ साली त्या राज्यात शिकाऊ डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली, २००३ मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली. आता ८० भागिले ७ करा. सुट्टी न घेता रोज साडेअकरा तास. ही सुधारणा होती! युरोपीय संघाने ४८ तासांची मर्यादा घातली आहे. कागदावरची मर्यादा आणि प्रत्यक्ष ड्यूटीचा तक्ता यात किती अंतर पडतं, ते कुठल्याही रेसिडेंटला, म्हणजे निवासी डॉक्टरला, विचारा.

झोप उडाली की पुढचं सगळं ओळीने येतं. वाचलेलं टिकत नाही, कारण स्मरण पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं. टिकत नाही म्हणून मूल आणखी जागतं. चिडचिड वाढते, जेवणाच्या वेळा जातात, मित्र तुटतात. आणि मग हेच मूल स्वतःबद्दल म्हणतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. शाळेत कायम पहिलं येणाऱ्या शंभर जणांना एका वर्गात बसवलं की त्यातले नव्व्याण्णव पहिले येत नाहीत, हे साधं गणित त्या वयात कुणी समजावून सांगत नाही.

गुणांच्या या शर्यतीला एक उतारा आहे, आणि तो करून बघितलेला आहे. अमेरिकेतल्या सेंट लुई विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेने २००९ पासून सुरुवातीच्या वर्षांत श्रेणी काढून फक्त पास-नापास ठेवलं, वर्गातले तास कमी केले, आवडीच्या कामाला वेळ दिला. नैराश्य आणि चिंता दोन्ही स्पष्टपणे घटले. परीक्षेतली कामगिरी ढासळली नाही. शिकवणाऱ्यांना याची जी भीती वाटते, ती तिथे तरी खरी ठरली नाही.

आता वॉर्डाकडे येऊ. मी शिकवणाऱ्यांच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून हे जरा टोचून बोलतो. राउंड चालू आहे, रुग्ण आणि त्याचे नातेवाईक समोर आहेत, आणि विद्यार्थ्याला उत्तर येत नाही. त्याला तिथेच, सगळ्यांदेखत, लायकी काढून बोलायचं, ही आपल्या धंद्यातली जुनी रीत आहे. समर्थनही ठरलेलं: आम्ही पण असेच शिकलो. शिकलो खरे. पण त्यातून तो मुलगा शिकतो एवढंच, की ‘मला माहीत नाही’ हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. पुढे हेच वाक्य त्याला रात्री दोन वाजता वरिष्ठांना फोन करून बोलायचं असतं, एखाद्या रुग्णासाठी. तेव्हा तो फोन करत नाही. अपमानाची किंमत अशी तिसराच कुणीतरी मोजतो.

पहिला मृत्यूही वॉर्डातच भेटतो. काल ज्याच्याशी बोललो त्याची खाट सकाळी रिकामी, आणि दहा मिनिटांत पुढच्या केसचं प्रेझेंटेशन. रडायला जागा नाही, बोलायला वेळ नाही. त्यात आपल्या हातून काही राहून गेलं अशी शंका असेल तर विचारूच नका. चुकीमुळे पोळलेल्या डॉक्टरला २००० साली अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी ‘दुसरा बळी’ म्हटलं. पहिला अर्थातच रुग्ण, ते विसरून चालणार नाही, आणि या नावावर रुग्णांच्या कुटुंबीयांनी आक्षेप घेतला तेही मला समजतं. पण अनुभव खरा आहे. काही रुग्णालयांत यासाठी श्वार्त्झ राउंड नावाची बैठक भरते. केनेथ श्वार्त्झ हे बोस्टनचे वकील १९९५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. आपल्याशी माणुसकीने वागणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दल त्यांनी लिहून ठेवलं होतं, त्यातून ही कल्पना निघाली. डॉक्टर, नर्स, सफाई कर्मचारी, विद्यार्थी एकत्र बसतात आणि उपचार बरोबर होते की चूक यावर न बोलता, त्या प्रसंगात आपल्याला काय वाटलं तेवढं सांगतात. याला खर्च जवळजवळ नाही. लागतो तो एक वरिष्ठ, जो पहिल्यांदा तोंड उघडेल.

बोलायला जागाच मिळाली नाही की मन निबर होतं. बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने खचून जाण्याची, तीन लक्षणं मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मासलॅक यांनी मांडली: आतून रिकामं होणं, समोरचा माणूस वस्तूसारखा वाटू लागणं, आणि आपलं काम फोल वाटणं. यातलं दुसरं ओळखायला सोपं आहे. रुग्णाचं नाव जाऊन ‘सात नंबरची किडनी’ सुरू होतं.

मग ही मुलं मदत का घेत नाहीत? त्यांची कारणं वेडगळ नाहीत. मानसोपचार विभागात जावं तर तिथले सर व्हायवा घेणार आहेत. केसपेपर काढावा तर खिडकीवर आपल्याच बॅचचा कुणीतरी. पुढे परवान्याच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल प्रश्न असेल तर काय लिहायचं, ही धास्ती अनेक देशांत आहे. यावर भिंतीला पोस्टर चिकटवून काही होत नाही. संस्थेबाहेरचा समुपदेशक हवा, ज्याचा गुणांशी आणि हजेरीशी संबंध नाही. काही ठिकाणी आणखी चांगलं करतात: पहिल्या वर्षी प्रत्येकालाच भेटीची वेळ देऊन टाकतात, नको असेल त्याने ती रद्द करायची. सगळेच जात असले की कुणाचंच नाव होत नाही. उलट, ३० तासांच्या ड्यूटीनंतर सक्तीने बसवलेली ‘ताणाला सामोरे कसे जावे’ ही कार्यशाळा मला थट्टाच वाटते. त्या दोन तासांत झोपू दिलं असतं तर बरं झालं असतं.

नर्सिंगच्या मुली आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. नर्सिंगची विद्यार्थिनी रुग्णाजवळ सगळ्यांत जास्त वेळ असते आणि उतरंडीत सगळ्यांत खाली. डॉक्टरही तिच्यावर ओरडतात, नातेवाईकही. दंतवैद्यकात ठरलेल्या संख्येचं काम पुरं करायला पुष्कळदा रुग्ण स्वतःच शोधावे लागतात, आणि दिलेल्या वेळेला रुग्ण आलाच नाही तर वर्ष लांबण्याची भीती.

घरच्यांसाठी आणि हॉस्टेलमधल्या मित्रांसाठी आता थोडं. थकवा आणि नैराश्य यात फरक कसा करायचा? थकलेलं मूल दोन दिवस झोपलं की ताळ्यावर येतं. नैराश्यात सुट्टीनेही फरक पडत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्या असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, स्वतःला कमी लेखणं वाढलं असेल, तर तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. गुण चांगले आहेत म्हणून निश्चिंत राहू नका. आतून कोसळतानाही परीक्षा देत राहण्याची सवय या मुलांना फार वर्षांची असते. फोनवर ‘अभ्यास कसा चाललाय’ याऐवजी ‘काल किती झोपलास’ हे विचारून बघा. उत्तरातून जास्त कळेल.

आणि मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात अशी शंका आली, तर सरळ विचारा: आत्महत्येचे विचार येतात का? विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात, ही समजूत चुकीची आहे. संशोधनात तसं आढळलेलं नाही. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश नको, एकटं सोडू नका, घातक वस्तू आणि औषधं त्यांच्या हातापासून दूर ठेवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा जवळचा तातडीचा विभाग गाठा. पहिल्या भेटीला सोबत जा. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या मध्येच बंद होतात त्या याच दिवसांत. तेवढे आठवडे रोज फोन करा, आणि परीक्षा जवळ असेल तर ती पुढे ढकलण्याचा अर्ज तुम्ही स्वतः नेऊन द्या.

नमस्कार.