महिनाभर एकच पक्षी : या महिन्याच्या चित्र-चॅलेंजसाठी शेकाट्या

नमस्कार मंडळी! या महिन्याच्या चॅलेंजचा विषय आहे पक्षी. पहिल्या दिवशी मोर, दुसऱ्या दिवशी पोपट, तिसऱ्या दिवशी घुबड अशी यादी तुम्ही नेहमी मागता. या वेळी मी यादी देणार नाहीये. माझा आग्रह आहे, एकच पक्षी निवडा आणि महिनाभर तोच काढा.

रोज नवा पक्षी म्हटलं की रोज मोबाइलवर नवा फोटो शोधायचा आणि तो उतरवून काढायचा. फोटो छान उतरतो, पण पक्षी हाताला कळत नाही. तो मान कशी आत घेतो, खाताना कुठून वाकतो, वारा आला की कुठल्या बाजूला तोंड करतो, हे त्याच पक्ष्याची पानंच्या पानं भरली की हातात येतं. म्हणून पक्षीही असा निवडा, जो तुम्हाला चालत जाऊन बघता येईल. रामकुंडावरचे पारवे चालतील. अंगणातली साळुंकी चालेल. कावळा तर उत्तम, कारण तो माणसाला फारसा बिचकत नाही.

मी निवडलाय शेकाट्या. लांब गुलाबी पाय, पांढरं अंग, काळे पंख, सुईसारखी सरळ काळी चोच. नांदूर मधमेश्वरला उथळ पाण्यात हमखास दिसतो. नाशिकपासून साधारण ४० किलोमीटर, निफाड तालुक्यात. गोदावरी आणि कादवा तिथे भेटतात आणि बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचून पाणथळ तयार झालंय. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, ती हीच. आता हिवाळ्यात जाणार असाल तर स्वेटर आणि कानटोपी घ्या, निफाडची थंडी तुम्हाला माहीतच आहे.

सकाळी सूर्य समोर येईल असे उभे राहा. फोटो काढणारे हे टाळतात, कारण पक्षी नुसता काळा दिसतो. आपल्याला तेच हवंय! पिसं दिसत नाहीत, रंग दिसत नाहीत, उरतो फक्त आकार. आणि पक्षी ओळखू येतो तो आकारावरूनच. बगळा उडताना मान दुमडून घेतो, चित्रबलाक, म्हणजे रंगीत करकोचा, मान सरळ पुढे ताणतो. एवढ्या एका रेषेवरून दूर आकाशातले दोघं वेगळे करता येतात. म्हणून पहिला आठवडा पिसं काढायची नाहीत. एकही नाही. फक्त काळे आकार, ब्रश पेनने किंवा शाईने, पटापट.

[कॅमेरा कागदावर]

आता पाय बघा, कारण सगळ्यात जास्त चित्रं इथेच फसतात. पक्ष्याचा गुडघा उलटा, मागे वाकतो असं आपल्याला वाटतं. तो सांधा गुडघा नाहीच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पोटाला लागून, पिसांच्या आत लपलेला असतो. म्हणजे पक्षी कायम चवड्यावर उभा असतो. हे एकदा लक्षात आलं की पाय लाकडाच्या काड्यांसारखे येत नाहीत. शेकाट्याला मागचं बोट नसतं, तिन्ही बोटं पुढे, तेवढं सांभाळा. आणि पोटाच्या मध्यातून खाली एक हलकी उभी रेघ मारा. दोन्ही पाय टेकवून उभा असेल तर पंजे त्या रेघेच्या आसपासच आले पाहिजेत, नाहीतर पक्षी तोंडावर पडतोय असं दिसेल.

खाताना तो सगळं अंग पुढे झुकवतो, शेपूट वर जाते, चोच पाण्याला लागते. ही पोज मला सगळ्यात आवडते. खोल पाण्यातला शेकाट्या मात्र सुरुवातीला काढू नका, पाय बुडाले की त्याची ऐटच जाते.

दुसऱ्या आठवड्यात रंग. अडचण ही की पांढरा पक्षी, पांढरा कागद. पांढरा रंग लावू नका. आधी पाणी रंगवा, करडं-निळं, आणि पक्ष्याची जागा कोरी सोडा. पोटाखालच्या सावलीला अगदी पातळ निळसर करडा हात फिरवा. पायांना क्रिमसनमध्ये थोडा पांढरा आणि किंचित पिवळा. डोळा लाल. नराची पाठ चकचकीत काळी, मादीची तपकिरीकडे झुकणारी, त्यामुळे जोडी काढलीत तर दोघांना एकच काळा वापरू नका. प्रतिबिंब थेट खाली उतरतं. त्यात पांढरं थोडं मळकं होतं आणि काळं थोडं फिकं.

साध्या कार्ट्रिज कागदावर हे सगळं होतं. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, महाग कागद शेवटच्या चित्रासाठी ठेवा.

तिसरा आठवडा मोकळा. हवी ती पोज, हवं ते माध्यम.

चौथ्या आठवड्यासाठी पैठणी विणणाऱ्या येवल्याकडे बघा. पैठणीच्या काठावरची मुनिया, म्हणजे तो छोटा पोपट, आणि पदरावरचा बांगडी मोर. विणकर रंगीत रेशीम आडवं गुंफत हे पक्षी उभे करतो, त्यामुळे वळणसुद्धा पायरीपायरीने येतं. त्या मुनियाला एकही पीस नाही, तरी बाकदार चोच बघितली की पोपट म्हणून लगेच ओळख पटते. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे किती पिढ्यांनी घासूनपुसून ठरवलंय! माझ्या मते पक्षी काढणाऱ्याने पैठणी नीट जवळून बघायलाच हवी. घरात आईची, आजीची असेल तर हात स्वच्छ धुऊन, उजेडात धरून बघा.

आलेख कागद घ्या आणि आपल्या पक्ष्याची एक नक्षी बसवा. शेकाट्याचे पाय एका चौकोनाच्या रुंदीचे, अंग पाच-सहा चौकोनांचं. दोन पक्षी समोरासमोर, मध्ये पाण्याची नागमोडी रेघ, आणि हाच तुकडा पुढे पुढे नेला की काठ तयार.

एक गोष्ट मनापासून सांगते. चित्रासाठी पक्षी उडवू नका. शेकाट्या उन्हाळ्यात पाण्याकाठी जमिनीवरच अंडी घालतो. डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागला तर तिथून लगेच मागे या. घरट्याचा फोटोही नको. पक्षी बघायच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीने सगळं दिसतं.

पुढच्या व्हिडिओत मी पोस्टर रंगात प्रतिबिंब काढून दाखवते. तोवर काळ्या आकारांची पानं भरा, आणि कोणता पक्षी निवडलात ते गावाच्या नावासकट कळवा.