बत्तिसाव्या सेकंदाला तुटणारा कॉल

मंडळी, ऑफिसचा फोन इंटरनेटवरून (एसआयपी पद्धतीने) चालतो. बाहेरून कॉल येतो, ऑफिसात उचलला जातो, दोन्हीकडे आवाज स्वच्छ, आणि अर्ध्या मिनिटात लाइन तुटते. अशा वेळी लोक आधी फोन बदलतात, मग केबल, मग बँडविड्थ वाढवून मागतात. त्याआधी घड्याळ लावा. दर वेळी ३२ सेकंदांच्या आसपास तुटत असेल, तर बहुतेक वेळा दोष सिग्नलिंगमध्येच, म्हणजे कॉल जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संदेशांतच, सापडतो.

आपल्या फोन सर्व्हरवर टीसीपीडंप या नेटवर्कवरची वाहतूक टिपणाऱ्या प्रोग्रामने पॅकेट पकडा. फिल्टरला नुसता ५०६० पोर्ट (एसआयपीचा नेहमीचा) देऊ नका, प्रोव्हायडरचा, म्हणजे फोन लाइन देणाऱ्या कंपनीचा, आयपी द्या. यूडीपी या वाहतूक पद्धतीवरचा इन्व्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा संदेश, १५०० बाइटच्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात, आणि पोर्ट नंबर फक्त पहिल्या तुकड्यात असतो. पोर्टवर फिल्टर लावला की पुढचे तुकडे गळतात, आणि धड असलेला संदेश आपल्याला मोडका दिसतो. यात दिवस वाया जातो.

फाइल वायरशार्क या पॅकेट वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा, टेलिफोनी मेनूतून व्हीओआयपी कॉल्स, तिथून फ्लो सीक्वेन्स. इन्व्हाइट आत आला, आपण १०० (प्रयत्न चालू) दिला, १८० (रिंग वाजतेय) दिला, उचलल्यावर २०० ओके. आता प्रोव्हायडरकडून अ‍ॅक, म्हणजे पोच, यायला हवा. तो येतच नाही. म्हणून आपला सर्व्हर तोच २०० ओके पुन्हा पाठवतो: अर्ध्या सेकंदाने, मग १, २, ४ सेकंदांनी, आणि पुढे दर ४ सेकंदांनी. एकाखाली एक ११ सारखे बाण दिसले की निदान जवळपास झालंच. ही वेळापत्रकं २००२ च्या एसआयपी मानकातली आहेत. मूळ टायमर ५०० मिलिसेकंदांचा, त्याची ६४ पट म्हणजे ३२ सेकंद. तेवढ्यात अ‍ॅक आला नाही की सर्व्हर स्वतःच बाय, म्हणजे कॉल संपवणारा संदेश, पाठवतो.

मग अ‍ॅक गेला कुठे? त्या २०० ओकेवर क्लिक करून कॉन्टॅक्टची ओळ वाचा; पुढचे संदेश कुठे पाठवायचे ते ती सांगते. तिथे १९२.१६८.१.१० असा घरातला, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कवर चालणारा, पत्ता असेल, तर प्रोव्हायडर अ‍ॅक त्याच पत्त्यावर टाकतो, आणि तो इंटरनेटवर कुठेच पोहोचत नाही. आवाज मात्र चालतो, कारण त्याचा पत्ता वेगळा, एसडीपी या आवाजाचा तपशील देणाऱ्या भागातल्या 'सी'ने सुरू होणाऱ्या ओळीत असतो. ती ओळ बरोबर आणि कॉन्टॅक्ट चुकीचा, असं सर्रास घडतं. उलट झालं तर कॉल टिकतो, पण आवाज एकाच बाजूला जातो.

अ‍ॅस्टरिस्क या फोन सर्व्हरच्या पीजेसिप या एसआयपी भागात एक्स्टर्नल सिग्नलिंग अ‍ॅड्रेस आणि एक्स्टर्नल मीडिया अ‍ॅड्रेस या दोन वेगळ्या ओळी आहेत. दुसरी भरून पहिली राहून जाते. दोन्हींत सार्वजनिक आयपी घाला, लोकल नेटमध्ये ऑफिसचं नेटवर्क लिहा. पत्ता बरोबर असूनही अ‍ॅक येत नसेल, तर राउटरमधलं एसआयपी एएलजी बंद करा. ते संदेशातले पत्ते परस्पर बदलतं. मग पुन्हा पॅकेट पकडा. एकच २०० ओके, लगेच खाली अ‍ॅक, असं दिसेपर्यंत काम झालं म्हणू नका.