कॉस्टिक पोटॅशमधलं लोखंड

श्रोतेहो, नमस्कार. पाण्यातून वीज सोडली की ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो आणि धनाग्रावर ऑक्सिजन, हे आपण शाळेत शिकलो. अडतं ते धनाग्रावर. हिशेबाने १.२३ व्होल्ट पुरायला हवेत, पण कारखान्यातल्या सेलला १.८ ते २ लागतात. जास्तीच्या व्होल्टांचा मोठा वाटा ऑक्सिजन सोडवण्यात खर्ची पडतो. म्हणून किलोभर हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते. हा खर्च खाली आणतो तो उत्प्रेरक. आम्लाच्या सेलमध्ये इरिडियम लागतं, आणि ते जगात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं. कॉस्टिक पोटॅशच्या, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या, सेलमध्ये निकेल आणि लोखंडावर भागतं.

या लोखंडाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. निकेलचं धनाग्र पोटॅशच्या द्रावणात काही दिवस ठेवलं की ते आपोआप सुधारतं, कमी व्होल्टला ऑक्सिजन सोडू लागतं, असं प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं दिसत होतं. निकेल मुरतं, त्याची रचना बदलते, म्हणून हे घडतं असा समज होता. १९८७ साली अमेरिकेत डेनिस कॉरिगन यांनी दाखवलं की निकेलच्या थरात ०.०१ टक्का लोखंड शिरलं तरी फरक पडतो. तरीही मुरण्याचा समज टिकून राहिला. मग २०१४ साली ओरेगन विद्यापीठात शॅनन बोएचर यांच्या गटाने पोटॅशच धुऊन काढलं.

कसं धुतलं? अतिशुद्ध निकेल नायट्रेटमध्ये पोटॅश घालून निकेल हायड्रॉक्साइडचा हिरवा साका पाडला. तो धुतला, ज्या पोटॅशची सफाई करायची त्यात घालून निदान दहा मिनिटं हलवला आणि तीन तास तसाच ठेवला. साक्याने द्रावणातलं लोखंड ओढून घेतलं. वरचं निवळ द्रावण ओतून घेतलं, तेही प्लास्टिकच्या नळीत, कारण काचेतूनही पोटॅशमध्ये लोखंड उतरतं. या स्वच्छ द्रावणात निकेल कितीही मुरवलं तरी सुधारेना. पुन्हा सांगतो: काम करत होतं लोखंड, मुरणं नव्हे. दहा लाखांत एका भागाहून कमी, दुधाला विरजण लावतो त्याच्या पासंगालाही न पुरणारं. आणि ते आलं होतं विकतच्या शुद्ध पोटॅशमधून!

बाटलीच्या लेबलवर अशुद्धीचा तक्ता बारीक अक्षरात छापलेला असतो. तो वाचायला आपल्या महाविद्यालयांत कुणी शिकवत नाही. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला तोच शिकवावा, असं माझं ठाम मत आहे.

आता निकेल-लोखंडाचं असं धनाग्र बनवायची कृती. एक लिटर शुद्ध पाण्यात ०.८७ ग्रॅम निकेल नायट्रेट आणि १.२ ग्रॅम फेरिक नायट्रेट, दोन्ही स्फटिकरूप. निकेलचा फोम, म्हणजे स्पंजासारखा सच्छिद्र पत्रा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात धुऊन ऋणाग्राला जोडायचा आणि सुमारे पाच मिनिटं वीज द्यायची. नायट्रेट मोडताना फोमजवळचं द्रावण अल्कधर्मी होतं, आणि दोन्ही धातूंचा हायड्रॉक्साइड तिथेच पातळ थरात बसतो. द्रावण ताजंच हवं. शिळं झालं की लोखंड तांबूस गाळ होऊन खाली बसतं आणि थरात कमी पडतं. वेळ वाढवली तर थर जाड होतो आणि बुडबुड्यांनी पापुद्रे सुटतात. थरातल्या दर चार धातू-अणूंत साधारण एक लोखंडाचा असावा.

चाचणीचं द्रावण लिटरला ५६ ग्रॅम पोटॅशचं. पाण्यात पोटॅश थोडं थोडं टाका, भांडं तापतं. चष्मा आणि हातमोजे हवेतच. पोटॅशऐवजी मीठ चालणार नाही, क्लोरीन सुटतो. ऋणाग्राच्या चाचणीत समोर प्लॅटिनम लावू नका. ते विरघळून ऋणाग्रावर बसतं आणि स्वस्त धातूला भलतंच श्रेय मिळतं. ग्राफाइट लावा. दोन्ही वायू वेगवेगळे काढा. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेट घेतो.

कारखान्यात हेच लोखंड दुसरीकडून त्रास देतं. २५ ते ३० टक्के पोटॅश, ७० ते ८० अंश तापमान. तिथे धनाग्रातलं लोखंड हळूहळू विरघळतं. द्रावणात थोडं लोखंड राहिलं तर ते परत धनाग्रावर बसतं. जास्त झालं तर ऋणाग्रावर धातू होऊन साचतं आणि तिथला उत्प्रेरक झाकून टाकतं. म्हणून द्रावणातलं लोखंड नियमित मोजावं लागतं.