मृगातला तेजोमेघ

(दृश्य: पेंच, पूर्व क्षितिज. टाइम-लॅप्स.)

मृग वर येतोय. पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागोमाग लखलखता व्याध. बाणाच्या दक्षिणेला आणखी तीन बारीक तारे एका ओळीत आहेत. त्यातला मधला नीट बघा. बाकीच्यांसारखा तो ठिपका नाही, कडा पुसट आहेत. हा पुसटपणा इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतो, कारण आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे वळवले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं क्षेत्र ठरला. शहरात हाच पुसटपणा आपण दिव्यांच्या उजेडात रोज गमावतो.

(दृश्य: दुर्बिणीतून, हळूहळू जवळ.)

तो मधला पुसट तारा म्हणजे खरं तर वायूचा तेजोमेघ, एम ४२. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं. आत्ता दिसणारा हा प्रकाश निघाला, तेव्हा बदामीचे चालुक्य राज्य करत होते.

अगदी मध्यात चार तारे दाटीवाटीनं बसलेत. हे ट्रॅपेझियम. १६१७ साली गॅलिलिओनं यातल्या तिघांची नोंद केली, भोवतालच्या मेघाची मात्र नाही.

(दृश्य: चौघांतला सर्वांत ठळक तारा.)

याचं नाव थीटा-१ ओरायनिस सी. वस्तुमान सूर्याच्या तीसपटीहून जास्त. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस, याचा जवळजवळ चाळीस हजार. एवढ्या तापलेल्या ताऱ्याचा बहुतेक प्रकाश अतिनील असतो, आणि या मेघाला उजळवण्याचं जवळपास सगळं काम हा एकटा तारा करतो.

मेघ मुख्यतः हायड्रोजनचा. ९१ नॅनोमीटरहून आखूड लहरी अणूवर आदळल्या की इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतो. कधीतरी तो पुन्हा एखाद्या प्रोटॉनच्या हाती लागतो आणि जिना उतरावा तसा ऊर्जेच्या एकेक पायरीनं खाली येतो. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बाहेर पडतो. पडद्यावरचा हा गुलाबी रंग मुख्यतः त्याचाच. म्हणजे हा वायू स्वतः उजळतो, कुणाचा उजेड नुसता परतवत नाही.

(दृश्य: नेत्रिकेतून दिसणारा हिरवट मेघ.)

दुर्बिणीच्या नेत्रिकेला डोळा लावला तर मात्र तो हिरवट दिसतो. मंद उजेडात आपल्या डोळ्याला लाल फारसा कळत नाही, हिरवा कळतो. मेघाच्या वर्णपटातली ही हिरवी रेषा एकोणिसाव्या शतकात कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच मानलं गेलं. १९२७ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी उलगडा केला: तो दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन होता. दाट वायूत असे अणू प्रकाश सोडण्याआधीच एकमेकांवर आदळतात आणि त्यांची ऊर्जा निघून जाते. इथला वायू इतका विरळ आहे, की त्यांना पुरेसा निवांतपणा मिळतो.

(दृश्य: हबलची छायाचित्रं. अश्रूच्या आकाराचे ठिपके.)

हे कोवळे तारे, भोवती ग्रह घडवू शकणाऱ्या धुळीच्या चकत्या. थीटा-१ ओरायनिस सी ताऱ्याकडची कड चकचकीत, शेपूट उलट दिशेला. त्याच अतिनील माऱ्यानं या चकत्या झिजतायत. आणि खुद्द तो तारा काही दशलक्ष वर्षांत स्फोट होऊन संपेल.

(दृश्य: पुन्हा पेंच, आकाश निरीक्षक.)

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास मृग दक्षिणेला उंचावर असतो. अमावास्येच्या आगेमागे, दिव्यांपासून लांब गेलात, तर साधी दहा बाय पन्नासची (दहापट मोठं दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री पुरते.