जिन्यातलं फिजिक्स

(दृश्य: नाशिकच्या गंगापूर रोडजवळची अभ्यासिका. दाराबाहेर चपलांची रास. आत पंख्याची घरघर.)

निवेदन:
आत पाटी आहे, ‘शांतता राखा’. मुलं ती पाळतातही. त्यामुळे या इमारतीतलं फिजिक्स आत होत नाही, जिन्यात होतं.

जानेवारी संपत आलाय. निफाडचा पारा बातम्यांत येण्याचे हे दिवस. बारावीच्या बोर्डाचा फिजिक्सचा पेपर 70 गुणांचा, उरलेले 30 प्रॅक्टिकलचे. पुढे सीईटी आहेच. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न, 90 मिनिटं.

(दृश्य: पायरीवर बसलेला मुलगा, मांडीवर वही.)

हा निफाडहून एसटीनं येतो. घरी द्राक्षांची तोडणी चालू आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. घर्षण याच्या चांगलं ओळखीचं होतं. अकरावीला त्याचं फ्रिक्शन झालं आणि ओळख मोडली.

आज तो अडलाय मौत का कुव्यावर. जत्रेत उभ्या भिंतीवरून मोटारसायकल गरगर फिरते, तोच. सराव पेपरातलं गणित: त्रिज्या (आर) 5 मीटर, घर्षणांक (म्यू) 0.5, गुरुत्वीय त्वरण (जी) 10 धरा. गाडी पडू नये म्हणून किमान वेग किती?

त्याचं उत्तर, सेकंदाला 5 मीटर. पर्यायांत ते आहे. पेपर काढणाऱ्याला मुलं कुठं घसरतात ते पक्कं ठाऊक असतं.

(दृश्य: सिडकोतून येणारी मुलगी त्याची वही ओढून घेते.)

ती उत्तर सांगत नाही. विचारते, “अरे, फ्रिक्शनचा बाण कुठं काढलास?”

आत. केंद्राकडे. सपाट रस्त्याच्या वळणावर ते बरोबरच आहे. तिथं गाडीला आत वळवतं ते घर्षणच, आणि सूत्र निघतं म्यू-आर-जीचं वर्गमूळ. पण इथं रस्ताच उभा आहे.

“वही भिंतीला दाबून धर,” ती म्हणते. “आता हात सैल सोड.”

वही घसरते.

“खाली कोण ओढतंय?”
“वजन.”
“आणि मघाशी कोण पडू देत नव्हतं?”

तो पुन्हा वही दाबतो. जरा वेळ नुसताच बघत राहतो. मग बाण खोडून वरच्या दिशेला काढतो. आत ढकलते ती भिंत. गाडी जेवढी वेगात, तेवढा भिंतीचा रेटा जास्त. रेटा जास्त, तेवढी घर्षणाची पकड जास्त. म्यू आता खाली भागायला येतो. आर-जी भागिले म्यू, म्हणजे 100. वर्गमूळ 10. ताशी 36 किलोमीटर.

गेल्या आठवड्यात हीसुद्धा इथंच चुकली होती. म्हणून तर बोट नेमकं बाणावर गेलं. क्लासच्या सरांना हे गणित चुकून वीस वर्षं झाली असतील.

(दृश्य: वरच्या पायरीवरून तिसरा डोकावतो.)

“मागं कुणाला बसवलं तर? वेग वाढवावा लागेल ना?”

“हो,” ती पटकन म्हणते. मग थांबते. समीकरण पुन्हा लिहिते. वजनात एम, म्हणजे वस्तुमान; भिंतीच्या रेट्यातही एम. दोन्हीकडून कापला जातो. डबलसीट असो की एकटा, किमान वेग तोच. हा एम तिनं याआधीही कापला होता. हात कधी थांबला नव्हता एवढंच.

आतून कुणीतरी दार किलकिलं करतं. “हळू रे!”

आवाज खाली येतो, गणित नाही.

“आणि पाऊस पडला तर?” तिसऱ्याचं चालूच. “भिंत ओली. म्यू निम्मा धर.”

या वेळी पेन निफाडवाल्याच्या हातात. 10 गुणिले 5, भागिले 0.25. 200. वर्गमूळ 14 आणि वर थोडं.

“ताशी 51,” तो म्हणतो. “ओल्या फळ्यांवर.”

“मग आपण आकाशपाळण्यात बसू,” ती म्हणते, आणि पान उलटते.