ठसा जुळला, क्लेम आला

(दृश्य : लॅपटॉपचा पडदा. अपलोडची पट्टी सरकते आहे.)

पट्टी शंभराला पोचली. खाली शब्द उमटले : तपासणी सुरू. हा व्हिडिओ अजून एकाही माणसानं पाहिलेला नाही. तरीही त्यातला आवाज आणि चित्र या क्षणी कोट्यवधी नमुन्यांशी ताडून पाहिलं जातंय. नमुना जुळला, तर या व्हिडिओचे पैसे कुणाच्या खात्यात जायचे, तो कुठल्या देशात दिसायचा, की दिसायचाच नाही, हे इथंच ठरेल. यूट्यूबच्या या यंत्राचं नाव कंटेंट आयडी.

(दृश्य : सॅन मटेओ, कॅलिफोर्निया. रस्त्यावरून दिसणारी इमारत.)

खाली पिझ्झाचं दुकान, वर कचेरी. यूट्यूबची सुरुवातीची जागा ही. चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम हे तिघंही आधी पेपाल कंपनीत होते. १४ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांनी डोमेन नोंदवलं आणि २३ एप्रिलला पहिला व्हिडिओ चढवला. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून करीम त्यांच्या सोंडांबद्दल बोलतात. १९ सेकंदांत संपतो.

(दृश्य : जुना संगणक, पडद्यावर प्लेअरची चूक दाखवणारी चौकट.)

त्या काळी इंटरनेटवर व्हिडिओ बघणं ही कटकट होती. एक फाइल रिअलप्लेअरवर चालायची, दुसरी क्विकटाइमवर, तिसरी विंडोज मीडियावर. आधी प्लेअर उतरवून घ्या, मग फाइल उतरवून घ्या, आणि मग कळायचं की आवाज येतोय, चित्र नाही. यूट्यूबनं ही डोकेदुखी बघणाऱ्याकडून काढून स्वतःच्या सर्व्हरवर घेतली. तुम्ही कुठल्याही प्रकारची फाइल द्या, ती तिथं फ्लॅश या व्हिडिओच्या एकाच प्रकारात बदलली जायची, ३२० बाय २४० च्या छोट्या चौकटीत. फ्लॅशचं प्लगइन बहुतेक संगणकांवर आधीच होतं. त्याच्या जोडीला कोडची एक ओळ मिळायची. ती कॉपी करून आपल्या पानावर चिकटवली की व्हिडिओ तिथंच चालायचा. त्या काळच्या मायस्पेस या सोशल साइटवरच्या असंख्य पानांवर ही ओळ गेली आणि तिच्यासोबत यूट्यूबचं नावही.

(दृश्य : सर्व्हरच्या रांगा, लुकलुकणारे दिवे.)

आता या रांगा पाहा. सगळ्यात जड काम व्हिडिओ पोचवण्याचं असेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात इंजिनिअरांना घाम फोडला तो थंबनेलनी, म्हणजे व्हिडिओची ओळख म्हणून दिसणाऱ्या छोट्या चित्रांनी. एका व्हिडिओमागे चार थंबनेल, आणि शोधाच्या एका पानावर अशी डझनावारी चित्रं. व्हिडिओची फाइल मोठी असते, ती सलग वाचता येते. थंबनेल काही किलोबाइटचं, पण प्रत्येकासाठी डिस्कच्या सुईला वेगळ्या जागी उडी मारावी लागते. एकाच फोल्डरमध्ये लाखो बारीक फाइली साठल्या की फाइल सिस्टिमच गुदमरते. गूगलनं कंपनी घेतल्यावर ही चित्रं गूगलच्या बिगटेबल या साठवण-व्यवस्थेत हलवली, तेव्हा कुठं हा प्रश्न सुटला. जे व्हिडिओ खूप बघितले जायचे ते जगभर पसरलेल्या वितरण-जाळ्यावर ठेवले जायचे, आणि दिवसाला मोजकेच व्ह्यूज असलेले कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून जायचे.

जुलै २००६ मध्ये दिवसाला १० कोटी व्हिडिओ बघितले जात होते.

(दृश्य : टीव्हीच्या पडद्यांची भिंत.)

त्यातले सगळेच लोकांनी स्वतः काढलेले नव्हते. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवरच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मधला एक विनोदी रॅप कुणीतरी चढवला आणि तो वणव्यासारखा पसरला. फेब्रुवारी २००६ मध्ये वाहिनीनं तो उतरवायला लावला. पुढच्याच महिन्यात यूट्यूबनं १० मिनिटांची मर्यादा घातली, कारण त्याहून लांब फाइल म्हणजे बहुतेक वेळा मालिकेचा भाग नाहीतर सिनेमा. लोकांनी तोच भाग तीन तुकड्यांत चढवायला सुरुवात केली.

९ ऑक्टोबर २००६ रोजी गूगलनं ही कंपनी १६५ कोटी डॉलरच्या शेअर्समध्ये घ्यायचं जाहीर केलं. व्यवहार पुरा होताना दिल्या जाणाऱ्या शेअर्सपैकी १२.५ टक्के एक वर्षासाठी बाजूला अडकवून ठेवले गेले, पुढे दावे अंगावर आले तर भरपाईची सोय म्हणून. यूट्यूबचा इतिहास सांगताना हा तपशील सहसा गाळला जातो. गाळू नये. खटले येणार हे खरेदीच्या दिवशीच गृहीत होतं, आणि पुढे जे यंत्र उभं राहिलं त्यावर या भीतीची छाप आहे.

(दृश्य : न्यूयॉर्क, फेडरल न्यायालयाच्या पायऱ्या.)

१३ मार्च २००७. व्हायाकॉम या अमेरिकी मनोरंजन कंपनीनं यूट्यूब आणि गूगलवर १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला. तक्रार अशी की आमच्या कार्यक्रमांच्या जवळजवळ १ लाख ६० हजार क्लिप परवानगीविना यूट्यूबवर आहेत आणि त्या १५० कोटींहून अधिक वेळा बघितल्या गेल्या आहेत. यूट्यूबनं अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याची ढाल पुढे केली. या कायद्यात दुसऱ्यांचा मजकूर ठेवून घेणाऱ्या कंपनीला संरक्षण आहे, पण अटींवर. चोरीच्या विशिष्ट फाइलची माहिती असता कामा नये, नोटीस मिळताच ती उतरवली पाहिजे, आणि वारंवार उल्लंघन करणाऱ्याचं खातं बंद केलं पाहिजे.

२०१० मध्ये न्यायालयीन कागदपत्रं खुली झाली आणि दोन्ही बाजूंचं पितळ उघडं पडलं. एकीकडे संस्थापकांचे आपसातले ईमेल होते. चोरीचे व्हिडिओ साइटवर आहेत हे त्यांना ठाऊक असल्याचं त्यांत दिसत होतं. दुसरीकडे यूट्यूबनं दाखवून दिलं की व्हायाकॉम स्वतःच जाहिरात-संस्थांकरवी गुपचूप क्लिप चढवत होती, त्या चोरीच्या वाटाव्यात म्हणून मुद्दाम खराब करूनसुद्धा. जून २०१० मध्ये न्यायाधीश लुई स्टँटन यांनी यूट्यूबच्या बाजूनं निकाल दिला, एप्रिल २०१२ मध्ये अपील न्यायालयानं तो फिरवून पुन्हा पाठवला, एप्रिल २०१३ मध्ये स्टँटन यांनी पुन्हा तोच दिला, आणि मार्च २०१४ मध्ये तडजोड झाली.

खटला सात वर्षं चालला. यंत्र मात्र पहिल्याच वर्षी, २००७ मध्ये, सुरू झालं होतं.

(दृश्य : पडद्यावर स्पेक्ट्रोग्राम. रंगीत पट्ट्या डावीकडून उजवीकडे सरकतात.)

आडव्या अक्षावर वेळ आहे, उभ्या अक्षावर सुराची उंची. जिथं रंग उजळ, तिथं त्या सुराचा जोर जास्त. कंपनी आपलं नेमकं सूत्र उघड करत नाही, पण आवाज ओळखणाऱ्या यंत्रांचं मूळ तत्त्व जुनं आणि सर्वज्ञात आहे. अख्खं गाणं साठवायचं नाही. त्यातली ठळक शिखरं आणि त्यांच्यामधलं अंतर एवढंच टिपायचं. मग तो ठसा इतका लहान होतो की कोट्यवधी ठशांमध्ये तो झटकन शोधता येतो. गर्दीचा गोंगाट असला, आवाज दबलेला असला, तरी शिखरं बऱ्यापैकी तशीच राहतात.

क्रम असा. हक्कदार कंपनी आपला मूळ नमुना जमा करते. त्याचा ठसा बनतो. त्यासोबत ती नियम ठरवते : जुळलं तर अडवायचं, की जाहिराती लावून पैसे आपल्याकडे वळवायचे, की नुसती पाळत ठेवायची. हे देशागणिक वेगळंही ठेवता येतं. यानंतर चढणारा प्रत्येक व्हिडिओ या ठशांवरून जातो, आणि आधीपासून असलेलेही पुन्हा चाळले जातात. म्हणून चार वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर आज क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, येऊ शकतो. नमुना जमा करण्याची मुभा मात्र सगळ्यांना नाही. ज्यांच्याकडे मोठ्या संख्येनं हक्क आहेत अशांनाच ती मिळते. एकट्या माणसाचं गाणं चोरीला गेलं, तर त्याला नोटिसा पाठवत बसावं लागतं.

(दृश्य : एडिटिंगची टाइमलाइन. क्लिप उलटी केली जाते, मग आकार लहान केला जातो.)

चोर याला बगल कशी देतात हेही इथं दिसतंय. चित्र आरशासारखं उलटं करायचं, सिनेमा छोट्या चौकटीत टाकून भोवती दुसरंच काही ठेवायचं, आवाजाची पट्टी थोडी वर सरकवायची, वेग किंचित वाढवायचा. जाणूनबुजून चोरी करणाऱ्याला या युक्त्या माहीत असतात. सरळपणे आपलं काम चढवणाऱ्याला त्या माहीत नसतात आणि त्याला त्यांची गरजही वाटत नाही. जाळ्यात तो अडकतो.

(दृश्य : पियानोवर फिरणारे हात.)

बाख १७५० मध्ये गेला. त्याच्या स्वरलिपीवर कुणाचाही हक्क उरलेला नाही. पण गेल्या काही दशकांत झालेल्या ध्वनिमुद्रणांवर आहे. आता तोच तुकडा, त्याच वेगात, त्याच पट्टीत दुसऱ्या कुणी नीट वाजवला, तर शिखरं आणि अंतरं जवळपास सारखीच येणार. वाजवणारा जितका चोख, तितकी गफलतीची शक्यता जास्त. दुसरी अडचण नमुन्यातच असते. तयार मिळणारे ड्रमचे तुकडे हजारो लोक परवाना घेऊन वापरतात. त्यांतल्या एकानं आपलं गाणं नमुना म्हणून दिलं की तोच तुकडा वापरणारे बाकीचे सगळे जुळायला लागतात. बातम्यांच्या वाहिन्यांचंही तसंच. दिवसभराचं प्रसारण नमुना म्हणून दिलं, आणि त्यात दुसऱ्याचं चित्रण दाखवलेलं असलं, तर ते चित्रणही वाहिनीच्या नावावर नोंदलं जातं.

(दृश्य : नासाचा नियंत्रण कक्ष, ऑगस्ट २०१२. टाळ्या, मिठ्या.)

क्युरिऑसिटी ही नासाची गाडी मंगळावर उतरली ती ही रात्र. नासानं स्वतः चढवलेली क्लिप काही तासांतच यूट्यूबवरून गायब झाली, एका बातमी-संस्थेच्या दाव्यामुळे. नंतर ती परत आली. नासाच्या मागे जगाचं लक्ष होतं.

जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन संगीतकाराच्या १० तासांच्या नुसत्या खरखराटावर, व्हाइट नॉइजवर, पाच क्लेम असल्याचं पुढे आलं. तो आवाज त्यानं स्वतःच तयार केला होता.

(दृश्य : ईमेलचं पान. बोट 'डिस्प्यूट'च्या बटणावर थांबलं आहे.)

क्लेम आणि स्ट्राइक या दोन गोष्टी एक नाहीत, आणि हा फरक न कळल्यामुळे लोक सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात. क्लेम यंत्राचा. त्यानं चॅनेलला इजा होत नाही, पैसे जातात. स्ट्राइक कायदेशीर नोटिशीचा. ९० दिवसांत तीन झाले की चॅनेल जातं.

क्लेम चुकीचा वाटला तर डिस्प्यूट, म्हणजे हरकतीचा अर्ज, करायचा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस. हा अर्ज कोण तपासतं? ज्यानं क्लेम केला तोच. त्यानं नाही म्हटलं तर अपील. त्यावर उत्तराला ७ दिवस. इथंच खरी मेख आहे. अपील झाल्यावर हक्कदार कायदेशीर नोटीस पाठवू शकतो, म्हणजे जो क्लेम निरुपद्रवी होता त्याचा स्ट्राइक होतो. स्ट्राइकलाही प्रति-नोटीस देता येते, पण तिच्यात आपलं खरं नाव, पत्ता, फोन लिहावा लागतो, अमेरिकी न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो, आणि हे सगळं समोरच्याच्या हाती पडतं. १० ते १४ कामाच्या दिवसांत त्यानं खटला भरला नाही, तर व्हिडिओ परत येतो.

पैशांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट केला तर पहिल्या दिवसापासूनची कमाई अडकवून ठेवली जाते आणि जिंकणाऱ्याला मिळते. उशीर केला तर मधले दिवस गेले. ही सोय २०१६ मध्ये आली. त्याआधी वाद चालू असतानाचे पैसे क्लेम करणारा घेऊन जायचा, आणि नव्या व्हिडिओची बहुतेक कमाई पहिल्या काही दिवसांतच होते.

आणि कायदेशीर नोटिशीतली खोट ही : खोट्या शपथेच्या शिक्षेचा धाक एवढ्याच विधानाला आहे, की मी हक्कदाराच्या वतीनं बोलतो. उल्लंघन झालं आहे, याबाबत प्रामाणिक समज असल्याचं म्हटलं की पुरतं. कंटेंट आयडीच्या क्लेमला तर ही नोटीसही लागत नाही. तो कायदा नाही, कंपनीचा आपला नियम आहे.

(दृश्य : आकडे पडद्यावर.)

२०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटी २० लाखांहून अधिक क्लेम. डिस्प्यूट १ टक्क्याहून कमी. हा आकडा यंत्राच्या अचूकतेची खूण म्हणून पुढे केला जातो. पण ज्यांनी डिस्प्यूट केला, त्यांतल्या सुमारे ६० टक्के प्रकरणांत निकाल व्हिडिओ चढवणाऱ्याच्या बाजूनं लागला. म्हणजे सुमारे २२ लाख चुका, फक्त सहा महिन्यांत, आणि फक्त बोललेल्यांच्या. आपण वर पाहिलेल्या पायऱ्या ज्याला माहीत आहेत, तो गप्प का बसतो हे वेगळं सांगायला नको.

(दृश्य : बंद पडलेल्या चॅनेलचं राखाडी पान. मग दुसरं. मग तिसरं.)

अमेरिकेतल्या दोघांनी आपले नसलेल्या लॅटिन गाण्यांवर हक्क सांगून २ कोटींहून अधिक डॉलर उचलले, आणि २०२३ मध्ये शिक्षा झाली. नेब्रास्कातल्या एकानं खोट्या नोटिसा पाठवून खंडणी मागितली, यूट्यूबनं २०१९ मध्ये त्याच्यावर दावा केला. सगळेच पकडले जात नाहीत.

(दृश्य : पुन्हा पहिला लॅपटॉप. पडद्याच्या उजेडात एक चेहरा.)

तपासणी पूर्ण. एक नमुना जुळला : ०:४२ ते ०:५१. नऊ सेकंद. मागच्या खोलीत रेडिओ चालू होता. पडद्यावर आता तीन पर्याय आहेत : तेवढा भाग कापा, त्याचा आवाज बंद करा, किंवा डिस्प्यूट करा.